ठाण्याहून एका दिवसात किल्ला करताय? मग या चुका टाळा

ठाणेकरांच्या वाट्याला आलेला किल्ला बघायचा तर आधी काहीतरी गुन्हा करावा लागतो. स्टेशनपासून हाकेच्या अंतरावरचा हा भुईकोट पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, मराठ्यांनी १७३७ मध्ये जिंकला, पुढे इंग्रजांनी त्याचा तुरुंग केला आणि आजही तिथे मध्यवर्ती कारागृहच आहे. १८१६ साली दुसऱ्या बाजीरावाचे कारभारी त्रिंबकजी डेंगळे तेवढे इथून निसटले. नवी मुंबईकरांची अवस्था फार वेगळी नाही, बेलापूरच्या किल्ल्याचे थोडेफार अवशेष उरलेत.

त्यामुळे किल्ला म्हटलं की बाहेर पडायचं. आपलं नशीब असं की ठाणे किंवा पनवेलहून दोन-अडीच तासांच्या टप्प्यात माहुली, कर्नाळा, कलावंतीण, पेठ (कोथळीगड), लोहगड, वसई, अलिबागचा कुलाबा असे हवे तेवढे किल्ले आहेत. घोळही तिथूनच सुरू होतो. ‘जवळच तर आहे’ म्हणत शनिवारी रात्री अकरा वाजता ग्रुपवर बेत ठरतो आणि रविवारी दुपारी दीड वाजता अर्धी मंडळी एखाद्या खिंडीत पाणी संपवून बसलेली असतात. किल्ला जवळ असतो, पण दिवस तेवढ्यानं मोठा होत नाही.

उंचीच्या आकड्यावरून किल्ला निवडणं

लोहगड समुद्रसपाटीपासून सुमारे ३४०० फूट आणि माहुली सुमारे २८०० फूट. आकडे वाचून कुणालाही वाटेल, माहुली सोपा. प्रत्यक्षात लोहगडाला गाडी थेट लोहगडवाडीपर्यंत जाते, तिथून पुढे बांधीव पायऱ्या आहेत. सवय असलेला माणूस पाऊण तासात गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा ओलांडून वर पोचतो. माहुलीचा पायथा मात्र सखल भागात, त्यामुळे जवळजवळ सगळी उंची आपल्याच पायांनी चढावी लागते. अडीच-तीन तासांची दमछाक, माथ्याजवळ लोखंडी शिडी, आणि तेवढंच परत उतरायचं.

म्हणून किती फूट ते विचारू नका. गाडी कुठपर्यंत जाते, पायथ्यापासून चढायला किती वेळ लागतो आणि वाटेत कडा उघडा आहे का, हे विचारा. तिसरा प्रश्न बहुतेक जण विसरतात. कलावंतीण उंचीनं माहुलीपेक्षा कमी आहे, पण तिच्या कातळात खोदलेल्या पायऱ्यांना कठडा नाही. चढताना डोळ्यांसमोर दगड असतो म्हणून काही वाटत नाही, उतरताना समोर दरी येते. उंचीची भीती असलेल्या माणसाला ‘चल रे, काही होत नाही’ म्हणून वर नेणारे मित्रच मग अर्धा तास त्याचा हात धरून एकेक पायरी उतरवत असतात. मागच्यांची रांग लागते ती वेगळीच.

आजी-आजोबा आणि लहान मुलं असतील तर सरळ वसई धरा. चढ नाही, झाडांची सावली भरपूर. १५३४ च्या तहात पोर्तुगीजांच्या हाती गेलेलं हे ठाणं चिमाजी अप्पांनी मे १७३९ मध्ये घेतलं. चर्चच्या पडक्या कमानी, तटबंदी, दरवाजे असं बघण्यासारखं इतकं आहे की तासाभरात आटपणाऱ्यांची मला कीव येते. रायगडाला रोपवे आहे हे खरं, पण एका दिवसात जाऊन येण्याच्या दृष्टीनं ठाण्याहून रायगड लांबच. सुट्टीच्या दिवशी रोपवेच्या रांगेतच सकाळ जाऊ शकते. ६ जूनच्या आसपास आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला शिवराज्याभिषेकासाठी जायचं असेल तर जरूर जा, निवांत गड बघायला त्या दिवसांत जाऊ नका.

उशिरा निघणं आणि मेगाब्लॉक विसरणं

माहुलीचंच गणित मांडून बघू. ठाण्याहून सहाच्या सुमाराची आसनगाव किंवा कसारा लोकल धरली की तास-सव्वा तासात आसनगाव. तिथून रिक्षानं माहुली गाव, पावणेआठ-आठला चढाई सुरू, अकराच्या आत माथ्यावर. दीड तास फिरून साडेबाराला उतरायला लागलात तर तीनच्या आत पायथ्याशी. हेच साडेआठला घरातून निघालात तर चढाईला सुरुवात साडेदहा-अकराला होते आणि सगळा चढ भर उन्हात येतो. वाशी-नेरूळकरांनी यात ठाण्याला गाडी बदलण्याचा वेळ धरावा.

रविवारी त्यात मेगाब्लॉक. मध्य आणि हार्बर मार्गांवर तो साधारण उशिरा सकाळी सुरू होऊन दुपारी चार-पाचपर्यंत चालतो, कधी ट्रान्सहार्बरवरही असतो. पहाटे निघणाऱ्याला जाताना त्याची झळ लागत नाही, येताना लागते. कुठल्या टप्प्यात ब्लॉक आहे ते आदल्या दिवशी रेल्वे जाहीर करते, तेवढं वाचूनच परतीची गाडी ठरवा. मळवलीला उतरून लोहगडाला जाणाऱ्यांनी लोणावळा-पुणे लोकलचं वेळापत्रकही बघावं. दुपारी त्या मार्गावर बराच वेळ गाडी नसते.

चढायला लागण्याआधी गावातल्या एखाद्या घरी जेवण सांगून ठेवा. उतरल्यावर ‘काही मिळेल का’ विचारणाऱ्याला बहुधा बिस्किटच मिळतं.

परत फिरायची वेळ न ठरवणं

माथा गाठायचाच, हा हट्ट घड्याळापुढे टिकत नाही. पायथ्याशीच ठरवा: एक वाजला की जिथे असू तिथून मागे. डिसेंबरात आपल्याकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि रानात त्याआधीच वाट दिसेनाशी होते. उतरायला चढण्याइतका वेळ लागत नाही हे खरं, पण थकलेले पाय मुरमाड घसाऱ्यावर निसटतात. घाई तिथेच नडते. बॅगेत बॅटरी ठेवाच. मोबाइलच्या उजेडावर उतरायचं म्हणजे एक हात अडकला आणि संपत आलेला चार्ज आणखी लवकर संपला.

वाट चुकल्यावर खाली दिसणाऱ्या गावाकडे सुटणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही. आपल्या डोंगरांवर ढोरवाटांचं जाळं असतं. गुरांच्या पायांनी पडलेली वाट माणसांच्या वाटेपेक्षाही ठसठशीत दिसते आणि कारवीच्या रानात नेऊन सोडते. पंधरा-वीस मिनिटांत ना बाण दिसला, ना कुणाचा मागमूस, ना पायरी, तर वाट चुकली असं धरून चाला.

अशा वेळी खाली गाव दिसतं, ओढ्याची नाळ दिसते आणि वाटतं, पाणी खाली जातं तर आपणही जाऊ. सह्याद्रीत हे चालत नाही. इथला कातळ थरांचा आहे, त्यामुळे नाळ मध्येच उभ्या कड्यावर संपते. पावसाळ्यात जिथून धबधबा पडतो तीच ती जागा. तिथवर घसरत उतरलेल्याला पुन्हा वर चढता येत नाही, खाली उतरता येत नाही. शोधपथकांना बोलवावं लागतं ते बरेचदा अशाच ठिकाणी.

मग करायचं काय? जिथे वाट नक्की बरोबर होती त्या जागेपर्यंत मागे या, चढ असला तरी. चौघं असाल तर चार दिशांना पांगू नका. एकानं हाकेच्या टप्प्यात जाऊन बघावं, बाकीच्यांनी बसावं. मागेही जाता येत नसेल किंवा अंधार पडू लागला असेल तर सपाट जागा बघून थांबा, ११२ ला फोन करा आणि गडाचं नाव, कुठल्या गावातून चढलात, शेवटची ओळखीची खूण कोणती, हे सांगा. रेंज नसेल तर फोनची बॅटरी जपा. घरी कुणाला तरी गडाचं आणि पायथ्याच्या गावाचं नाव सांगून निघाला असाल तर शोध लवकर सुरू होतो. नुसतं ‘कर्जतकडे जातोय’ एवढ्यावर कुणी कुठे शोधायचं?

यापेक्षा सोपा उपाय म्हणजे गावातला वाटाड्या. ॲपवरची रेघ कितीही नेमकी असली तरी गेल्या पावसात वाट कुठे ढासळली, हे त्यालाच माहीत असतं. त्याचे पैसे वाचवणाऱ्यांना मी काटकसरी म्हणणार नाही.

पाण्याचा आणि उन्हाचा अंदाज

माणशी तीन लिटर पाणी. गडावर टाकी असतात, पण सगळ्यांतलं पाणी पिण्याजोगं नसतं आणि मार्चनंतर काही आटतात. दमट हवेत घाम वाळत नाही, म्हणून अंग गार होत नाही आणि घाम येतच राहतो. पायात गोळे आले की थांबा, पाय ताणा, मीठ-साखरेचं पाणी किंवा ओआरएस घोटघोट द्या. एखादा असंबद्ध बोलायला लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर ‘थकलाय, जरा बसू दे’ म्हणण्याची ती वेळ नव्हे. सावलीत आडवा करा, कपडे ओले करा, वारा घाला आणि १०८ ला फोन करा. एप्रिल-मे महिन्यांत माहुलीसारखा गड एका दिवसात करायला मुळात जाऊच नये, असं माझं मत आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढे चार महिने असताना उन्हाळ्यातच कशाला?

पावसाळ्यात बंदी न तपासणं

जुलैत सगळ्यांना हिरवा सह्याद्री हवा असतो. पण ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत धबधबे, धरणं आणि काही गडांवर पावसाळ्यात जिल्हाधिकारी किंवा वनविभाग बंदी घालतात. ती आदल्या दिवशी बघून घ्या, नाहीतर पायथ्यावरून परतावं लागतं. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळगडाखालची इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हापासून तरी ‘पोलीस उगाच अडवतात’ हे वाक्य बंद व्हायला हवं होतं. जाताना घोट्याएवढा असलेला ओढा येताना कमरेएवढा होऊ शकतो. पाणी गढूळ होऊन वाढू लागलं तर ओलांडू नका. वरचा पाऊस थांबला की असे छोटे ओढे बरेचदा थोड्या वेळात उतरतात, तोवर काठापासून दूर, उंचावर थांबा.

कर्नाळ्याचा सुळका आणि मोहोळं

पनवेलपासून जवळ, खाली पक्षी अभयारण्य, दीड-दोन तासांचा चढ. नवी मुंबईकरांचा पहिला किल्ला बहुधा कर्नाळाच. माथ्यावरच्या अंगठ्यासारख्या सुळक्याच्या पोटात पाण्याची टाकी आणि कोठारं खोदलेली आहेत, ती बघायची. सुळका चढण्याचा विचार दोर आणि तयारी नसेल तर करू नका. सुळक्याला आग्या मोहोळं लागतात. धूर, उग्र अत्तर, स्पीकर, आरडाओरडा, दगड मारणं, यातलं काहीही त्यांना पुरतं. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड आणि मान कपड्यानं झाका, कड्याच्या बाजूला धावू नका, झाडीच्या दिशेनं लवकरात लवकर लांब जा. खूप डंख झाले किंवा श्वास लागू लागला तर थेट दवाखाना.

भरती-ओहोटी न बघता अलिबाग गाठणं

कुलाब्याचा किल्ला किनाऱ्यावरून इतका जवळ दिसतो की लोक वेळ न बघताच जातात. भरती असेल तर किनाऱ्यावर उभं राहून फोटो काढायचे आणि परत यायचं, कारण ओहोटीलाच तिथे चालत किंवा घोडागाडीनं जाता येतं.

कोकणातला जुना हिशेब यासाठी अजून उपयोगी पडतो: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला भरती आणि साधारण सहा तासांनी, नऊला, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पण अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते, पाणी फार मागे हटत नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, पाणी खूप हटतं खरं, पण ओहोटी पहाटे आणि संध्याकाळी पाच-सहाला येते, म्हणजे आत जाईपर्यंत अंधार. म्हणून सकाळी नऊ-दहाची ओहोटी देणाऱ्या चतुर्थी-पंचमी सगळ्यांत सोयीच्या. चतुर्थीला मात्र किल्ल्यातल्या सिद्धिविनायकाच्या दर्शनाला गर्दी असणार, ती धरून चला. हा हिशेब ढोबळ आहे. निघण्याआधी छापील किंवा ऑनलाइन वेळापत्रक बघा आणि किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्याला ‘आत किती वेळ थांबता येईल’ हे विचारूनच पाऊल टाका. पूर्ण ओहोटीच्या थोडं आधी आत शिरलात की भरपूर वेळ मिळतो, नंतर शिरलात की घाई होते.

आत असताना पाणी भरलंच तर गुडघाभर दिसतंय म्हणून उतरू नका. मध्ये खड्डे आणि ओढ असते, आणि पाणी वाढतंच राहतं. हवा बरी असेल तर स्थानिकांची होडी मिळते. नाहीतर किल्ल्यातच बसायचं आणि पुढच्या ओहोटीची वाट बघायची. आत गोड्या पाण्याची सोय आहे, डबा मात्र तुमचा तुम्ही नेलेला असावा.