जुन्या फ्रेंच दुकानाची उधारीची वही कशी वाचावी

अठराव्या शतकातल्या पॅरिसमधल्या एखाद्या दुकानदाराचं दिवाळं का निघालं हे शोधायचं असेल, तर पॅरिसच्या शहर अभिलेखागारातल्या दोन मालिका शेजारी ठेवून वाचा. 'डी४बी६' मध्ये दिवाळ्याच्या वेळचे ताळेबंद आहेत, तर 'डी५बी६' मध्ये दुकानांच्या वह्या. नुसता ताळेबंद फसवतो, कारण त्यात येणं मोठं दिसतं. ते येणं किती जुनं आहे हे वहीतच कळतं.

आधी जुन्या फ्रेंच चलनाचा हिशेब हाताखालून घाला. १ लिव्र म्हणजे २० सू आणि १ सू म्हणजे १२ दनिए. ३ लिव्र १७ सू ९ दनिए अधिक २ लिव्र ८ सू ६ दनिए म्हणजे ६ लिव्र ६ सू ३ दनिए. बेरीज नेहमी उजवीकडून करा. दशमान पद्धतीने मांडलीत की हातचा चुकलाच.

मग वहीचं पहिलं आणि शेवटचं पान बघा. १६७३ च्या व्यापार अध्यादेशाप्रमाणे तिथे व्यापारी न्यायालयाच्या कॉन्सलची, म्हणजे तिथल्या न्यायाधीशाची, सही हवी, आणि असं न्यायालय नसलेल्या गावात महापौराची किंवा नगरपालाची. सही नसली म्हणून वही खोटी ठरवू नका. हा नियम सर्रास मोडला जाई.

आता खरं काम, म्हणजे तारखा. रक्कम नंतर बघा. पाववाला, खाटीक, शिवणारा यांना किरकोळ मालाच्या उधारीसाठी सहा महिन्यांत दावा लावावा लागे, इतर व्यापाऱ्यांना वर्षभरात. माल देणं चालूच असलं तरी मुदत थांबत नसे. ती टाळायची तर गिऱ्हाइकाकडून हिशेब कबूल करून घ्यायचा, लेखी कबुली घ्यायची किंवा न्यायालयामार्फत मागणी करायची. म्हणून प्रत्येक खात्यात 'आरेते' हा शब्द शोधा: हिशेब इथे ठरला, असा त्याचा अर्थ. तो नसेल आणि शेवटची नोंद दिवाळ्याच्या दोन वर्षं आधीची असेल, तर ते येणं बुडीत धरा, मग गिऱ्हाईक कितीही मोठ्या घराण्यातलं असो.

पाववाल्याच्या वहीत नोंदी तुटक दिसल्या तर दचकू नका. तिथे हिशेब लाकडावर असे. काठी उभी चिरून एक फाळका पाववाल्याकडे, दुसरा गिऱ्हाइकाकडे. पाव देताना दोन्ही जुळवून एकदमच आडवी खाच पाडायची, म्हणजे एकट्याला खाच वाढवता येत नसे. १८०४ च्या नागरी संहितेनेही (कलम १३३३) हा पुरावा मानला.

हुंड्या वेगळ्या कागदावर उतरवा. मुदत संपल्यावर दहा दिवसांत पैसे घ्यायचे, नाहीतर नोटरीकडून किंवा न्यायालयाच्या बेलिफाकडून प्रोटेस्ट, म्हणजे पैसे मिळाले नाहीत याची अधिकृत तक्रार, नोंदवायचा. तो चुकला की हुंडीवर आधी सह्या केलेल्यांकडून पैसे वसूल करण्याचा हक्क धोक्यात येई. शिवाय हुंडीवर सही करणाऱ्याला कर्जापायी कैदही होऊ शके, साध्या उधारीत सहसा नाही. त्यामुळे अडचणीतला दुकानदार आधी हुंड्या भागवतो आणि घाऊक पुरवठादाराला थांबवतो. वहीत हा क्रम दिसू लागला की दिवाळ्याची सुरुवात तिथे धरा, ताळेबंदावरच्या तारखेला नव्हे.