जुन्या ३२-बिट डेबियनचा मिरर घरी ठेवताय?

डेबियन ही लिनक्सवर चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टीम. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ पासून ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (सिस्टीमचा गाभा) मिळत नाही. जुनी यंत्रं मात्र अजून चालू आहेत, म्हणून जुन्या आवृत्त्यांचा घरगुती मिरर, म्हणजे मूळ सर्व्हरची इतरांना उतरवता येणारी प्रत, मोलाचा.

सगळ्यात महत्त्वाचा सिंकचा, म्हणजे मूळ सर्व्हरशी प्रत जुळवण्याचा क्रम. आधी पॅकेजं (सॉफ्टवेअरच्या फायली) उतरवा, मग त्यांची सूची, आणि मूळ सर्व्हरवरून गेलेल्या फायली अगदी शेवटी पुसा. क्रम उलटला तर सूचीत नाव दिसतं पण फाईल नसते, आणि समोरच्याचं इन्स्टॉलेशन अर्धवट अडकतं. डेबियनची एफटीपीसिंक स्क्रिप्ट हा क्रम आपोआप पाळते. आरसिंक या फायली जुळवणाऱ्या साध्या प्रोग्रॅमपेक्षा मी तीच वापरीन.

बाहेरच्यांना तुमच्या सर्व्हरपर्यंत पोचता यावं म्हणून स्वतंत्र पब्लिक आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) मिळतो का, हे इंटरनेट कंपनीला आधी विचारून घ्या. अपलोडला मर्यादा घाला: सलग १० एमबीपीएस म्हणजे दिवसाला सुमारे १०८ जीबी!

आणि आपलं नागपूर. नवतपात पारा ४५ च्या आसपास जातो, तेव्हा माळ्यावरची डिस्क भाजते. सर्व्हर खालच्या खोलीत ठेवा, पण कूलरच्या थेट झोतात नको, ती दमट हवा असते. यूपीएस हवाच, वीज गेल्यावर सर्व्हर स्वतःहून नीट बंद होईल अशी यूएसबी जोडणी त्याला असू द्या.