खानदेशच्या उन्हाळ्यात घरची औषधपेटी

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो आणि बऱ्याच गोळ्यांच्या वेष्टनावर तर ३० अंशांखाली ठेवण्याची सूचना छापलेली असते. म्हणून औषधे पत्र्याच्या छताखालच्या फळीवर किंवा चुलीशेजारी न ठेवता घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या खोलीत, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा कपाटात कुलूप लावून ठेवावीत.

पेटीत निर्जंतुक गॉज, रोलर बँडेज, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, पोव्हिडोन आयोडीन (जखमेवर लावायचे जंतुनाशक), पॅरासिटामॉल आणि थर्मामीटर असावे. ओआरएसची पाकिटे मात्र सढळ हाताने घ्यावीत, कारण भर दुपारी कपाशीच्या किंवा केळीच्या शेतातून परतलेल्या माणसाला बहुधा त्यांचीच गरज पडते. १ लिटरचे पाकीट पूर्ण १ लिटर स्वच्छ पाण्यातच विरघळवावे, अंदाजाने ग्लासात टाकू नये, आणि २४ तासांनंतर उरलेले द्रावण ओतून द्यावे.

गोळ्यांची पट्टी कापताना मुदतीची तारीख असलेला कोपरा शेवटपर्यंत राखावा; तो आधीच कापला गेल्याने आमच्या घरी अर्धी पट्टी टाकून द्यावी लागली होती.

साप चावल्यास आवळपट्टी बांधू नये, जखमेवर चीर देऊ नये; अवयव स्थिर ठेवून ताबडतोब १०८ला फोन करावा. हा क्रमांक झाकणाच्या आतल्या बाजूस ठळक अक्षरांत चिकटवावा.