बीप वाजली म्हणजे वायर चांगली असं नाही

आयटीआयचा कागद घेऊन शृंगारतळीच्या एका गॅरेजात कामाला लागलो, तेव्हा वायरिंगचं काम मला सगळ्यात सोपं वाटायचं. फ्यूज बघायचा, वायर तुटली असेल तर जोडायची, झालं. पहिल्याच हिवाळ्यात ती हवा उतरली.

पुण्याचा एक गाडीवाला दाभोळ-धोपावे फेरीबोटीने उतरून गुहागरकडे निघाला होता. लांबच्या प्रवासाची मोठी मोटरसायकल, मागे तीन पेट्या. वाटेत चहाला थांबला आणि सेल्फ लागेना. बटण दाबलं की नुसतं 'टक्', मोटर हलायचं नाव नाही. मी छातीठोकपणे सांगितलं, बॅटरी गेली. नवीन बसवली, गाडी चालू झाली, पैसे घेतले. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. तवसाळहून फेरीने पलीकडे जयगडला उतरलाय, आणि पुन्हा तेच 'टक्'.

आमचे दादा, म्हणजे गॅरेजचे मालक, एवढंच म्हणाले, "बॅटरीचे पैसे त्याला परत द्यायचे खिशात ठेव, आणि मीटर घे. शोकेसला ठेवायला आणलाय काय तो?"

जयगडला त्यांनी मीटर, म्हणजे मल्टीमीटर, डीसी व्होल्टवर ठेवून बॅटरीला लावला. 12.6. सेल्फ दाबला तर 12.3. "बॅटरी मेलेली असती तर आकडा धाडकन आठ-नऊवर आला असता. इथे तो जेमतेम हलला. म्हणजे पुरेसा करंट जातच नाहीये." मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूला लावून मला सेल्फ दाबायला सांगितलं. मीटरवर 7 व्होल्ट, म्हणजे एवढं व्होल्टेज वाटेतच अडकलेलं! चांगल्या अर्थला (बॅटरीच्या मायनसहून इंजिनला जाणाऱ्या काळ्या केबलला) तिथे 0.2-0.3 च्या वर काही दिसता कामा नये. इंजिनवरचा अर्थचा बोल्ट उघडला, तर लगच्या (केबलच्या टोकाच्या धातूच्या कडीच्या) आत तांबं हिरवं होऊन भुगा झालेलं. मी बॅटरी बदलताना काळी केबल हलली होती, तेवढ्यापुरता कॉन्टॅक्ट मिळाला आणि मी हुशार ठरलो.

नव्या पोरांनी यातलं एक ध्यानात ठेवावं. तीच केबल मी आधी मीटरच्या कंटिन्युइटीवर (वायर सलग असली की बीप वाजते, त्या सेटिंगवर) तपासली असती, तर बीप वाजलीच असती. वीस तारांपैकी एक शाबूत असली तरी बीप वाजते, पण त्या एका तारेतून सेल्फ मोटरचा करंट जाणार कसा? म्हणून लोड चालू ठेवून व्होल्टेज मोजायचं. हेडलाइट मंद असेल तर हेडलाइट लावून, हॉर्न घोगरा असेल तर हॉर्न दाबून.

आपल्याकडे खाऱ्या हवेचं एक वेगळंच खूळ असतं. कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लगमध्ये, मीठ बसलं की ते रात्री दव ओढून घेतं. गाडी सकाळी बंद, दुपारी ऊन लागलं की चालू. गिऱ्हाईक सांगतं 'आपोआप बरी झाली', आणि आपल्याला सापडत काहीच नाही. अशा वेळी मी कपलर एकेक करून उघडतो. पिनेवर हिरवट-पांढरी पूड दिसली की कॉन्टॅक्ट क्लीनर मारायचा, पिन सैल असेल तर आवळायची, थोडं डायलेक्ट्रिक ग्रीस लावायचं. वायर आतून काळवंडली असेल तर चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं. काळ्या तारेला सोल्डर धरत नाही, कितीही तापवा. आणि हो, किनाऱ्यावर गाडी घालून फोटो काढणाऱ्यांना प्रेशरने धुऊ नका म्हणून सांगा. ते पाणी नेमकं कपलरमध्येच शिरतं.

हँडल वळवलं की गाडी बंद पडते, ही तक्रार आली तर थेट हँडलच्या मानेजवळचं वायरिंग धरा. इंजिन चालू ठेवून हँडल डावीकडे-उजवीकडे फिरवायचं आणि वायरिंगचा जुडगा हाताने हलवत जायचं. बाहेरून कव्हर धड असतं, आत वायर तुटलेली असते.

चार्जिंगसाठी आकडे पाठ असू द्या. इंजिन थोडं रेझ केल्यावर बॅटरीवर 13.8 ते 14.5 यायला हवेत. कमी आले तर लगेच रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आटोक्यात ठेवणारा भाग) विकू नका. इंजिनमधल्या वीज तयार करणाऱ्या कॉइलच्या तीन वायरी सोडवून दोन-दोनमध्ये एसी मोजा, तिन्ही वेळा आकडा जवळपास सारखा हवा. त्यातली कुठलीही बॉडीशी कंटिन्युइटी दाखवत असेल तर कॉइल शॉर्ट आहे.

फॉगलाइट हे आमचं निम्मं उत्पन्न आणि निम्मी डोकेदुखी. 40 वॉटचे दोन म्हणजे 80 वॉट, जवळजवळ पावणेसात अँपियर. लोक ते पार्किंग लाइटच्या बारीक वायरीवरून ओढतात. बॅटरीवरून वेगळी लाइन, बॅटरीजवळच 10 अँपियरचा फ्यूज, मध्ये रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), यात तडजोड नको.

2020 पासूनच्या बीएस-6 (प्रदूषणाच्या नव्या नियमांच्या) गाड्यांवर बल्बवाला टेस्ट लॅम्प सेन्सरच्या वायरीला टोचू नका, ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, जाऊ शकतो. स्कॅनरने सेन्सरचा कोड दाखवला तरी आधी त्याचा कपलर बघा.

आणि पैशाचं. शोधायला दोन तास लागतात, सामान लागतं वीस रुपयांच्या लगचं. गिऱ्हाईक वीस रुपयांकडे बघतं. मी आता मीटर हातात घ्यायच्या आधीच शोधायचे पैसे सांगतो. काही जण तिथूनच गाडी ढकलत पुढच्या गॅरेजात जातात, जाऊ देतो.