पोस्ट म्हणजे नक्की कुठलं पोस्ट? भाषांतर करताना या चुका टाळा

मागे एका अ‍ॅपच्या मराठीकरणाचं काम आलं होतं, एक्सेल शीटमध्ये नुसते सुटे शब्द, मागेपुढे वाक्य नाही काही नाही, आणि एका ओळीत फक्त 'पोस्ट'. मी बिनधास्त 'टपाल' लिहून मोकळी झाले. नंतर स्क्रीनशॉट आला तेव्हा कळलं की ते फोटो टाकायचं बटण होतं, म्हणजे लोक छान फोटो निवडणार, फिल्टर लावणार आणि मग टपाल दाबणार! तेव्हापासून हा शब्द दिसला की माझा हात आधी थांबतो.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे पोस्ट हा एकच शब्द आहे आणि त्याचेच अर्थ वाढत गेलेत असं धरून चालणं. तसं नाहीये, दिसायला सारखे असले तरी हे तीन वेगळ्या घरचे शब्द आहेत. एक खांबवाला, लॅटिन 'पोस्टिस' म्हणजे दाराची चौकट-खांब त्यावरून आलेला, गोलपोस्ट आणि लॅम्पपोस्ट यातले. दुसरा लॅटिन 'पोनेरे' म्हणजे ठेवणं, त्यावरून. जुन्या काळी रस्त्यात ठराविक अंतरावर घोडे आणि स्वार तयार ठेवलेले असायचे, पत्रांची थैली एकाकडून दुसऱ्याकडे जायची, त्या ठेवलेल्या ठिकाणाला इटालियनमध्ये 'पोस्ता' म्हणायचे, आणि फ्रेंचमार्गे तो शब्द इंग्लिशमध्ये येईपर्यंत जागेचं नाव पत्रांना आणि आख्ख्या खात्यालाच चिकटलं. सैनिक ठेवायची जागा ती आर्मीची पोस्ट, माणूस नेमायची जागा ती नोकरीतली पोस्ट, हेही त्याच घरचे. आपल्याकडेही डाकचौकी आणि पोलीस चौकी दोन्हीकडे चौकीच की! आणि तिसरा पोस्ट म्हणजे लॅटिनमधलं साधं 'नंतर', पोस्टमॉर्टम, पोस्ट ग्रॅज्युएट वगैरे.

हे तपासायची सोपी युक्ती म्हणजे चांगल्या डिक्शनरीत शब्दाच्या डोक्यावर बारीक 1, 2, 3 आकडे असतात ते बघायचे. आपण ते छपाईचा डाग असल्यासारखे सोडून देतो, पण वेगळा आकडा म्हणजे वेगळा शब्द, बहुतेकदा मूळही वेगळं. आणि डिक्शनरी जवळ नसेल तर त्या जागी खांब, ठेवलेली जागा आणि नंतर हे तिन्ही घालून बघायचं, एक तरी बसतोच.

आता फसवणारे. निवडणुकीच्या बातम्यांत 'फर्स्ट पास्ट द पोस्ट' येतं, म्हणजे सगळ्यात जास्त मतं ज्याला तो निवडून आला अशी पद्धत, आणि विषयच खुर्चीचा असल्यामुळे पोस्ट म्हणजे पद असं डोक्यात पक्कं बसतं. पण हा घोड्यांच्या शर्यतीतला शेवटचा खांब आहे, जो आधी पार करेल तो जिंकला, मग दुसरा किती जवळ होता ते कोण विचारतंय. उलट लष्करी अंत्यविधीत बिगुलवर वाजतो तो 'लास्ट पोस्ट', त्याचं 'शेवटचं पत्र' करू नका प्लीज, तो पहाऱ्याच्या चौक्यांवरून आलाय.

इंग्लंडमधली ती लाल खांबासारखी पत्रपेटी बघून काही जण म्हणतात की बघा, खांबावरूनच पोस्ट नाव पडलं. छान वाटतं ऐकायला. पण तसल्या पेट्या ब्रिटिश टपालखात्याने 1852 साली जर्सी बेटावर पहिल्यांदा बसवल्या, आणि पत्रांसाठी पोस्ट शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून चालू होता. गंमत म्हणजे फेसबुकवरची पोस्ट मात्र खरंच खांबाच्या घरची आहे, पोस्टमनच्या नाही! खांबावर जाहीर नोटीस चिकटवणं ते 'पोस्ट करणं', मग ते नोटीस बोर्डावर आलं, मग कॉम्प्युटरच्या बुलेटिन बोर्डांवर, आणि तिथून आपल्या मोबाईलमध्ये. पोस्टर पण त्यातलंच.

'कीप मी पोस्टेड'चं 'मला पोस्टाने पाठवत राहा' केलेलं मी स्वतः पाहिलंय. कॉमर्सवाल्यांना खतावणी माहिती असेल, रोजकीर्दीतली नोंद खातेवहीत नेणं, त्याला इंग्लिशमध्ये पोस्टिंग म्हणतात, वही अपडेट तशी माणसाची माहितीही अपडेट असा तो अर्थ फिरलाय. मराठीत सरळ 'कळवत राहा' लिहा.

मरणोत्तर पुरस्काराच्या इंग्लिश बातमीत 'posthumous' म्हणजे मरणोत्तर हा शब्द येतो, तो 'पोस्ट ह्यूमस' असा तोडून वाचू नका, उच्चार पॉस्च्युमस. मूळ लॅटिन शब्द 'पोस्टुमस', म्हणजे शेवटचा, त्यात एच नव्हताच, नंतर कुणीतरी त्याचा संबंध 'ह्यूमस' म्हणजे मातीशी जोडला आणि तो एच कायमचा घुसला. कंपोस्ट खत मात्र खरोखरच टपालाचा चुलतभाऊ आहे, एकत्र ठेवलेलं ते कंपोस्ट. आणि पोस्टपोनमध्ये तर दोन घरांची सोयरीक झालीय, 'पोस्ट' नंतरवाला आणि 'पोन' ठेवणंवाला, म्हणून आपल्या ऑफिसांतल्या 'प्रीपोन'ला, म्हणजे ठरलेलं काम अलीकडे आणण्याला, हसणाऱ्यांचं मला पटत नाही, बांधणी एकदम बरोबर आहे आणि ऑक्सफर्डच्या डिक्शनरीतही तो आहे.

पण सगळ्यात डेंजर पोस्टपेड. सिमकार्डचं पोस्टपेड म्हणजे आधी वापरा, पैसे नंतर. जुन्या पाकिटावर पोस्ट पेड असेल तर अर्थ बरोब्बर उलटा, पैसे आधीच भरलेत, कारण तिथला पोस्ट टपालखर्चाचा आहे. 1840 च्या आधी ब्रिटनमध्ये पत्राचे पैसे बहुतेक वेळा घेणाराच द्यायचा, त्यामुळे पाठवणाऱ्याने भरले असतील तर तसा शिक्का मारावा लागायचा. जुन्या पत्रांवर लिहिताना हे उलटंसुलटं झालं की आख्खा परिच्छेद चुकतो.

आणि मराठीत लिहिताना लिंग सांभाळा. 'आमच्या गावचं पोस्ट बंद झालं' आणि 'आमच्या गावची पोस्ट बंद झाली' यात एकात ऑफिसला कुलूप लागलंय आणि दुसऱ्यात कुणाची तरी नोकरीची जागा गेलीय. इंग्लिशमध्ये ही सोय नाही. त्या शीटमध्ये मी शेवटी 'टाका' लिहिलं, क्लायंटला ते फार घरगुती वाटलं, म्हणून आता बटणावर 'पोस्ट करा' आहे.