पडवीच्या भिंतीवर उली

उली ही नायजेरियातल्या इग्बो समाजातल्या बायकांची, अंगावर आणि भिंतीवर काढायची कला. ती आपल्या पडवीच्या भिंतीवर काढायची तर दिवाळी झाली की कामाला लागा. पावसाची ओल भिंतीत असताना रंग धरत नाही, आणि खाडीकाठच्या जांभ्याला तर लोणा फुटतो. ती पांढरी पूड कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतलीत तर क्षार पुन्हा आत मुरतात आणि आठवड्याने गेरूतून डोकं काढतात. सिमेंटवर ऑइलपेंट असेल तर ती भिंत सोडाच.

चार फूट बाय तीन फुटांचा भाग घ्या. जांभ्याची बारीक चाळलेली माती ४ भाग, ताजं शेण १ भाग, रात्रभर भिजवून दोन पातळ हात सारवा. पहिला पूर्ण सुकल्यावरच दुसरा. एकच जाड हात दिला तर वरचा थर आधी आकसतो आणि भेगा पडतात.

२० ग्रॅम बाभळीचा डिंक २०० मिली कोमट पाण्यात विरघळवा. शेडू (पांढरी माती), गेरू किंवा कोळशाची पूड, प्रत्येकी १०० ग्रॅमला साधारण १५० मिली पाणी आणि त्या डिंकाचे २ चमचे. सुकल्यावर बोटाला पूड लागली तर डिंक कमी पडला. चकाकून पापुद्रे सुटले तर जास्त झाला.

आता रेषा. चित्रकार उचे ओकेके यांनी उली कागदावर आणली आणि १९७० नंतर नायजेरियातल्या एन्सुका विद्यापीठात त्यांच्यासोबत ओबिओरा उदेचुक्वू यांनी पुढे नेली. त्यांची चित्रं पाहिली की पहिली गोष्ट जाणवते ती मोकळी जागा. आपला हात रांगोळीला सरावलेला: ठिपके, सममिती, कोपरे भरायचे. इथे तो मोडावा लागतो. पेन्सिल नको, ठिपके नकोत. माडाच्या हिराचं टोक चेचून घ्या. अजगराचं वेटोळं एका दमात काढा, सुरुवातीला दाबून, शेवटी हलकं. अजगर हा आला या भूमीदेवीचा दूत. (कोकणातल्या सातेरी देवीचं वारूळ आठवेल, पण दोघींना एक करू नका.) कोलाच्या फळाच्या फाका किंवा चंद्रकोर अशी आणखी एकच खूण, बाजूला सरकवून. निम्म्याहून जास्त भिंत रिकामीच ठेवा.

वार्निश लावू नका. मातीचा श्वास कोंडतो आणि थर फुगून सुटतो. नायजेरियात ओवेरीकडे आला देवीसाठी बांधलेली म्बारी घरंही डागडुजी न करता ढासळू देत. मे अखेरीस भिंतीपुढे माडाची झापं लावलीत तर चित्र अजून काही महिने टिकेल. नाही लावलीत तर सुटलेली माती गोळा करून ठेवा, पुढच्या सारवणाला चालते.