रणगाड्याच्या मॉडेलवर पाला खोचताना

रंग, गंज, चिखल सगळं आटोपून मॅट वार्निश पूर्ण वाळल्यावरच पाल्याला हात लावा.

१:३५ च्या मापात, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्शाच्या मॉडेलवर, १० सेंटिमीटरचं खरं पान जेमतेम ३ मिलिमीटरचं होतं. त्यासाठी वाळका पाला चुरून चिकटवा, असं सर्रास सांगतात. मुळीच ऐकू नका. चुऱ्याला पानाचा आकार नसतो, गाडीवर केर सांडल्यासारखा दिसतो. बर्च म्हणजे भूर्जाच्या जातीच्या झाडाचा वाळका तुरा बोटांत चोळला की तीन टोकांचे इवलेसे खवले सुटे होतात, ते थेट पानांसारखे दिसतात. डहाळीसाठी फाटे फुटलेलं बारीक वाळकं मूळ घ्या. पांढऱ्या गोंदाने, चिमट्याने, एकेक खवला लावा. मग रंग द्या, पानाची खालची बाजू थोडी फिकट ठेवून.

खरी परीक्षा फांद्या गाडीवर चढवताना. माझी पहिली तीन मॉडेलं इथेच बिघडली. डहाळ्या छान जमल्या होत्या, पण मी त्या पत्र्यावर उभ्या चिकटवल्या आणि पोलादातून झुडूप उगवल्यासारखं दिसू लागलं. सैनिक गाडी लपवायला फांदी तोडतो आणि हाताशी येईल त्यात खोचतो: हुकात, ट्रॅकच्या, म्हणजे चाकांवरच्या पोलादी पट्ट्याच्या, जादा कड्यांमागे, फावड्याच्या दांड्याखाली, ताणलेल्या तारेत. आपली फांदी कशात अडकली आहे हे दाखवता येत नसेल, तर ती लावूच नका. देठाचं मोडकं टोक लपवू नका. त्यावर ओल्या लाकडाच्या फिकट रंगाचा एक ठिपका द्या. फांदी नुकतीच तोडल्याचं तेवढ्यानेच कळतं. शेंडा भाराने खाली झुकवा. तोडलेला पाला लवकर मलूल होतो, म्हणून दोन-तीन फांद्यांचा हिरवा रंग मळकट करा.

टरेट म्हणजे तोफेचा फिरता बुरूज. टरेटच्या फांद्या टरेटवर, खालच्या धडाच्या धडावर. एकच फांदी दोन्हींत अडकली तर टरेट फिरणार कसा? चालकाची बाहेर बघायची फट, दुर्बिणींची भिंगं, मशीनगन आणि इंजिनाच्या जाळ्या मोकळ्या सोडा.

१९४४ मध्ये नॉर्मंडीत जर्मन दलं विमानांच्या नजरेतून सुटायला रणगाडे पाल्याने झाकत. तो काळ दाखवायचा असेल तर मॉडेल वरून बघत पाला लावा. गाडीच्या सरळ कडांची रेघ पाल्याने तुटक दिसली पाहिजे.

शेवटी मॅट वार्निशचा हलका फवारा, तोही लांबून. जवळून मारलात तर खवले उडतात.